मीटर राजनांदगावला येऊन थांबला होता

छत्तीसगडात मीटर पहिल्यांदा आला तो कापड मोजायला नव्हे. तो आला आगगाडीच्या रुळांवरून. १८८० ते १८८२ या काळात नागपूरहून पूर्वेकडे एक लोहमार्ग टाकला गेला, नागपूर-छत्तीसगड स्टेट रेल्वे. गोंदिया, डोंगरगड करत तो राजनांदगावला पोहोचला आणि तिथेच संपला. दोन रुळांमधले अंतर बरोबर एक मीटर. रायपूर तिथून चाळीस-पंचेचाळीस मैल पुढे. तेवढी वाट बैलगाडीची.

त्याआधी तर सगळीच वाट बैलगाडीची होती. १८७७ मध्ये वकील विश्वनाथ दत्त यांचे कुटुंब रायपूरला राहायला आले, तेव्हा रेल्वे नागपूरपर्यंतच होती. पुढे जंगलातून पंधरवडाभर गाडी हाकत हे लोक रायपूरला पोहोचले. त्यांच्यातला चौदा वर्षांचा नरेंद्र पुढे विवेकानंद झाला, म्हणून तो प्रवास आपल्याला ठाऊक आहे. अंतर दिवसांत मोजण्याचा तो काळ. ‘रायपूर किती लांब?’ याचे उत्तर मैलात कोणी देत नसे.

मग इंग्रजांच्या राज्यात, जिथे स्वतः इंग्रज फूट-इंचाला चिकटून बसलेले, तिथे हा फ्रेंच मीटर रुळांमध्ये कुठून आला? लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना, १८७० मध्ये, स्वस्तातले अरुंद लोहमार्ग टाकायचे ठरले. रुंदी किती ठेवायची यावर तज्ज्ञांचे भांडण झाले. एका बाजूचे म्हणणे २ फूट ९ इंच, दुसऱ्या बाजूचे ३ फूट ६ इंच. मेयोने मधला आकडा काढला, ३ फूट ३ इंच. आणि तेवढ्यात सरकारात दुसरीच हवा वाहत होती. रिचर्ड स्ट्रॅची नावाचे लष्करी इंजिनियर दशमान पद्धतीचे कट्टर पुरस्कर्ते होते. हिंदुस्थानात लवकरच मीटर आणि किलोग्रॅम येणार असे धरून चालले होते. मग रूळही त्याच हिशेबात का नकोत? ३ फूट ३ इंचांत जेमतेम तीन अष्टमांश इंच वाढवला आणि रुंदी एक मीटर झाली.

१८७१ चा वजनमापांचा कायदा आज वाचला तर नवल वाटते. त्यात वजनाचे मूळ एकक ‘सेर’ ठरवले होते, आणि हा सेर म्हणजे पॅरिसच्या दप्तरखान्यातल्या किलोग्रॅमइतका. नाव देशी, माल फ्रेंच. हा कायदा अमलात आला असता तर आपल्या आज्या भाजीवाल्याकडे शेरभर वांगी मागत राहिल्या असत्या आणि त्यांना नकळत किलोभर मिळत राहिली असती. पण लंडनहून विरोध होता, आणि फेब्रुवारी १८७२ मध्ये अंदमानात मेयोचा खून झाला. खुनी कैद्याचे नाव शेर अली. किलोग्रॅमचा शेर त्याने मारला असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो नुसता शब्दाचा खेळ. कायदा तसाही दप्तरातच राहिला असता. मागे उरले फक्त रूळ. ज्या पद्धतीसाठी त्यांची रुंदी बदलली ती आलीच नाही, आणि हजारो मैल मीटरगेज देशभर पसरत गेला.

तोही रायपूरला पोहोचला नाही. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग ताब्यात घेतला, मीटरगेजचे रूळ उखडून ब्रॉडगेज टाकले आणि मगच गाडी रायपूरकडे नेली. १८९१ मध्ये ती पार आसनसोलला जाऊन भिडली. रायपूरच्या वाट्याला ५ फूट ६ इंच आले, आणि पुढे १९०० मध्ये धमतरीच्या फाट्यावर अडीच फूट. मीटर मात्र राजनांदगावला येऊन परत गेला. पुढची सत्तरेक वर्षे तो इकडे फिरकला नाही.

या सत्तर वर्षांत, आणि त्याआधी कितीतरी, रायपूरचा बाजार कशाने मोजत होता? त्याचे उत्तर काठ्यात आहे. काठी नव्हे, काठा. धान मोजण्याचे लाकडी माप. वीस काठ्यांची एक खांडी, वीस खांड्यांचा एक गाडा. म्हणजे एका गाड्यात चारशे काठे. हे वीस-वीसचे गणित विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. त्याच्याकडेही वीस कुडवांची खंडी आहे. दोन्ही मुलखांचा संबंधही जुना. १७४१ मध्ये नागपूरच्या भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर छत्तीसगडच्या तेव्हाच्या राजधानीवर, रतनपूरवर, चालून गेले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी तिथून राज्य केले. दरबाराचे कागद मराठीत, मोडी लिपीत होऊ लागले. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी कर्नल अॅग्न्यू यांनी कारभार रतनपूरहून रायपूरला हलवला, तरी गादीचा मालक नागपूरचा भोसलाच होता. १८५४ पर्यंत. लिहिणारे कारकून मराठी, माप भरणारा शेतकरी छत्तीसगडी. पण दोघांची खांडी विसाची. काठा केवढा असावा हे मात्र गावागणिक बदलायचे.

माप भरताना महाराष्ट्रात पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन. छत्तीसगडात पहिला काठा ‘राम’. राम, दुई, तीन. मला यात नुसती श्रद्धा दिसत नाही, हिशेबाची शिस्तही दिसते. शेकडो मापे ओतताना ढीग कुठून सुरू झाला हे मापाऱ्याला आणि धन्याला दोघांनाही ऐकू गेले पाहिजे. ‘एक’ हा शब्द बोलण्यात हजारदा येतो. ‘लाभ’ म्हटले की रास सुरू झाली.

आणि शीग. माप काठोकाठ भरल्यावर वर जो निमुळता ढीग उभा राहतो ती शीग. आपण ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ असे सहज म्हणतो, तेव्हा कोणाच्या डोळ्यांपुढे धान्य नसते. बाजारात मात्र भांडण शिगेवरूनच व्हायचे. शीग लावून मोजायचे की हात फिरवून सपाट? माप ठोकायचे की नाही? धान लांबून ओतायचे की जवळून? उंचावरून ओतले, माप हलवले, तर दाणे दाटीने बसतात आणि त्याच काठ्यात जास्त मावतात. घेताना एक रीत, देताना दुसरी. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग इथूनच निघाला असणार. गावात फिरून धान गोळा करणाऱ्या कोचियाबद्दल शेतकऱ्याची तक्रार दराची असे, तशीच हाताचीही असे.

शीग उभी का राहते, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे आणि दिसतो त्याहून खोल आहे. पृथ्वी प्रत्येक दाण्याला खाली ओढते. पाणी असते तर ते पसरले असते. दाणा पसरत नाही, कारण त्याच्या खरबरीत फोलपटाला शेजारचा दाणा धरून ठेवतो. या धरण्याला आपण घर्षण म्हणतो, पण निसर्गाच्या वहीत घर्षण नावाचे वेगळे खाते नाही. दोन दाण्यांच्या पृष्ठभागांवरच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन एकमेकांशी जी ओढाताण करतात तीच ही, म्हणजे विद्युतचुंबकीय बल. खाली खेचणारे गुरुत्वाकर्षण आणि अडवणारे विद्युतचुंबकीय बल यांचे जिथे जमते, तिथे शिगेचा उतार ठरतो. कोरड्या धानाची शीग वेगळी, दवात भिजलेल्या धानाची वेगळी, फोलपट काढलेल्या तांदळाची आणखी वेगळी. काठा मोजतो ते या दोन बलांचे भांडण. म्हणून तो कधी दोनदा सारखा भरत नाही.

इंग्रजांनी या भरण्याच्या बाजारात तोलण्याची रीत घुसवली, तीही पैशाच्या वाटेने. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, आणि चांदीचा रुपयाही बरोबर १८० ग्रेनचा. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. १८३३ पासून सरकारी हिशेब या वजनांनी होऊ लागला, आणि पुढे रेल्वेच्या मालधक्क्यांनी ती गावोगाव नेली. रायपूर स्टेशनवर पोते चढले की त्याचे भाडे मणावर; स्टेशनाबाहेर, गोलबाजारात तेच धान काठ्यावर. वजन पाहायला बटखरा, म्हणजे वजनाचा ठोकळा, नसला तर पारड्यात रुपये टाकायचे. ऐंशी कलदार रुपये म्हणजे एक शेर. ज्या नाण्याने किंमत द्यायची त्याच नाण्याने माल तोलायचा, ही सोय मला फार हुशारीची वाटते. अर्थात ऐंशी रुपये ज्याच्या गाठीला असतील त्याच्यासाठी. हे वजन १९३९ च्या कायद्याने देशाचे प्रमाण ठरले आणि तो कायदा १९४२ मध्ये लागू झाला. म्हणजे स्वातंत्र्याला पाच वर्षे उरली असताना मणाची व्याख्या एकदाची पक्की झाली.

आता येतो १९५६ चा हिवाळा.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. तोवर रायपूर ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, आणि रायपूर भोपाळच्या नव्या मध्य प्रदेशात. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या, ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी घरांना काल जे आपले राजधानीचे गाव होते ते आज परराज्यातले झाले. नव्या राज्याचे मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल रायपूरचेच. २८ डिसेंबरला दिल्लीत वजनमापांचा कायदा मंजूर झाला: यापुढे मीटर, किलोग्रॅम, सेकंद. ३१ डिसेंबरला दिल्लीतच शुक्लांचे निधन झाले. मग १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. पाच महिन्यांत राजधानी बदलली, मुख्यमंत्री गेले, शेराचे दिवस भरले आणि रुपयाचे सोळा आणे गेले. एवढी एकके एकदम बदललेली पिढी रायपूरने आधी पाहिली नसेल.

पैशाचा बदल सगळ्यांत आधी बोचला. जुन्या रुपयात ६४ पैसे, नव्यात १००. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, आणि सव्वाचे नाणे नाही. सरकारी कोष्टकाने एक आण्याचे ६ नवे पैसे धरले, दोन आण्यांचे १२, तीनचे १९, चारचे २५. दोन आण्यांची वस्तू एकदम घेतली तरी १२ आणि एकेक आण्याने दोनदा घेतली तरी १२. पण तीन आण्यांची एकदम घेतली तर १९, आणि एकेक आण्याने तीनदा घेतली तर १८. त्या एका नव्या पैशासाठी गल्ल्यांवर किती वेळ गेला असेल! दुकानदार म्हणे कोष्टक बघा, गिऱ्हाईक म्हणे बेरीज बघा. दोघेही बरोबर.

वजनांची पाळी १ ऑक्टोबर १९५८ ला आली. आधी निवडक भागांत आणि उद्योगांत, मग टप्प्याटप्प्याने. राज्यांनी आपापले अंमलबजावणीचे कायदे केले आणि १ एप्रिल १९६२ पासून जुनी वजने देशभर व्यवहारातून बाद झाली. मुंबईच्या टांकसाळीत प्रमाण वजने घडली, ती राज्यांकडे गेली, त्यांच्याशी ताडून निरीक्षकांची वजने, आणि त्यांच्याशी ताडून बाजारातले बिडाचे बटखरे. बिडाच्या या वजनांना खाली भोक असते, त्यात शिसे भरलेले, आणि त्या शिशावर निरीक्षकाचा शिक्का. वजन हलके केले की शिसे सांगते. या साखळीच्या टोकाला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता: पॅरिसजवळच्या मूळ किलोग्रॅमची प्रत, क्रमांक ५७. भारत मीटर कराराचा सदस्य झाला तेही १९५७ मध्ये. योगायोग, दुसरे काही नाही.

शेर ९३३ ग्रॅमचा, किलो हजाराचा. म्हणजे किलोत शेराहून पावणेसहा तोळे जास्त. दुकानदाराने भाव किलोला म्हणून वाढवला की गिऱ्हाइकाला तो शेरालाच वाढल्यासारखा वाटे. ही कुरकुर खोटी नव्हती, पूर्ण खरीही नव्हती. मणाचे ३७ किलो ३२४ ग्रॅम होतात हे तोंडपाठ करण्यापेक्षा लोकांनी क्विंटल शिकून घेतला. तोळ्याने मात्र वेगळीच पळवाट काढली. तो मेला नाही, त्याने वजन बदलले. आज आपला सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याला पावणेबारा ग्रॅम नव्हे, सरळ दहा ग्रॅम म्हणायचे असते. १८७१ च्या कायद्याने शेराचे जे करायचे ठरवले होते, ते सराफांनी तोळ्याचे करून टाकले, तेही कोणी कायदा न करता.

नावांवरूनही त्या काळात एक वाद चालू होता आणि त्याचे एक केंद्र नागपूरच होते. डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंपासून हजारो शास्त्रीय शब्द घडवले होते, आणि शुक्लांच्या सरकारचा त्यांना आश्रय होता. ऑक्सिजनला जारक, हायड्रोजनला उदजन, नायट्रोजनला भूयाति. ही रीत वजनमापांना लागली असती तर बाजारात काय झाले असते याची कल्पना करवत नाही. दिल्लीच्या कायद्याने मीटर, ग्रॅम, लिटर हीच जागतिक नावे ठेवली. लोकांनी ती महिन्याभरात तोंडात बसवली आणि ‘किलो’ एवढाच तुकडा ठेवून बाकीचे गाळून टाकले. शाळेच्या पुस्तकांत मात्र फाटा पडला तो पडलाच. नागपूरचा मुलगा ‘वस्तुमान’ आणि ‘वजन’ शिकतो, रायपूरचा त्याचा मावसभाऊ ‘द्रव्यमान’ आणि ‘भार’. दिवाळीच्या सुटीत दोघे भेटले की न्यूटनचा दुसरा नियम दोन भाषांत सांगतात, आणि दोघांनाही ‘बल’ हा शब्द तरी सारखा सापडतो.

याच काळात रायपूरपासून तीसेक किलोमीटरवर एक गाव मिलिमीटरमध्ये उभे राहत होते. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. रशियन आराखड्यांत फूट-इंच नव्हतेच. ज्या मजुराच्या घरी धान अजून काठ्याने कोठीत पडत होते, तो दिवसभर मिलिमीटरच्या मापांनी बेतलेले लोखंड उचलत होता. मीटर पुन्हा राजनांदगावच्या बाजूनेच आला म्हणायचा. दुर्ग-भिलाई राजनांदगाव-रायपूर लोहमार्गावरच आहे. या वेळी तो थांबला नाही.

आणि रायपूरचा दुकानदार नवे बटखरे हाताळत असतानाच, ऑक्टोबर १९६० मध्ये, पॅरिसमध्ये जगभरचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी मीटरची पट्टी निवृत्त केली. मीटर मुळात पृथ्वीवरून काढलेला: उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग. पृथ्वीचा आकार नेमका कसा हे ठरवायला ज्यांनी आयुष्य घातले त्यांतले एक, विल्यम लॅम्बटन, भारताच्या मध्यातून रेखावृत्ताचा चाप मोजत मोजत नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. पुढे मीटर धातूच्या पट्टीवर आला. १९६० मध्ये तो क्रिप्टॉन वायूच्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांबींइतका ठरला, आणि १९८३ मध्ये प्रकाश सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो तेवढा. पूर्वी रायपूर किती लांब हे दिवसांत सांगत. आता तर मीटरसुद्धा वेळेतच सांगतात.

पण मला राहून राहून वाटते की रायपूरच्या दृष्टीने मोठा बदल शेराचा किलो होणे हा नव्हताच. तो होता भरण्याच्या जागी तोलणे येणे. काठा आकारमान मोजतो, तराजू वस्तुमान. या दोहोंत धानाच्या मुलखात केवढा फरक पडतो हे तांदूळ ओळखणाऱ्याला सांगायला नको. एकाच काठ्यात धान भरले आणि मग तांदूळ भरला, तर तांदळाचे वजन जवळपास तिसऱ्या हिश्शाने जास्त भरते. लांब कुसाचे धान पोकळ बसते, आखूड जाड धान दाटीने. आणि इथे धान एका जातीचे कुठे होते? १९७० च्या दशकात डॉ. राधेलाल रिछारिया यांनी रायपूरच्या भात संशोधन संस्थेतून गावोगाव माणसे पाठवून सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. तो संग्रह आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात वाढून २३ हजारांच्या पुढे गेला आहे. काठ्याच्या जगात प्रत्येक वाणाचा काठा वेगळा तुले. माप भरणाऱ्याला हे हाताने कळत असे. या धानाचा काठा भारी, त्या धानाचा हलका. क्विंटल आला आणि ते हाताचे ज्ञान बाजारात बिनकामाचे झाले. फसवणूक कमी झाली हे खरेच. दांडी मारणारे, पासंग ठेवणारे निघालेच, पण शिक्का मारलेल्या वजनापुढे त्यांची चोरी पकडता येत होती. शिगेची चोरी पकडता येत नसे.

तराजूचा एक गुण फार कमी लोक ध्यानात घेतात. दोन पारड्यांचा तराजू रायपूरला, पॅरिसला किंवा चंद्रावर नेला तरी तेच सांगेल. पृथ्वीची ओढ दोन्ही पारड्यांवर सारखी, म्हणून ती हिशेबातून गळते आणि उरते ते निव्वळ वस्तुमान. आजचा इलेक्ट्रॉनिक काटा तसा नाही. त्याच्या पोटात धातूचा एक तुकडा असतो. बोजा पडला की तो किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक पट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा येतो. म्हणजे तो मोजतो बल, आणि दाखवतो किलो. हे बल जागेवर अवलंबून असते. विषुववृत्ताकडे जाल तसतशी ओढ कमी होते. पृथ्वी फिरते आणि पोटाशी फुगलेली आहे म्हणून. मी अक्षांश आणि उंची घालून आकडे काढून पाहिले. पॅरिसमध्ये जुळवलेला काटा तसाच रायपूरला आणला तर किलोमागे सुमारे सव्वादोन-अडीच ग्रॅम कमी दाखवील. दिल्लीत जुळवलेला काटा अर्ध्या ग्रॅमने. क्विंटलला पन्नासेक ग्रॅम धान! एका शेतकऱ्याला किरकोळ, पण काटा जिथे वापरायचा तिथेच वजने ठेवून जुळवायचा आणि त्यावर शिक्का मारून घ्यायचा, या नियमामागे एक कारण हेही आहे.

वस्तुमान तरी कुठून येते? बिडाच्या किलोत जे भरले आहे ते जवळजवळ सगळे अणुकेंद्रातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे, आणि त्यांच्या वस्तुमानाचा फार मोठा भाग त्यांना आतून बांधून ठेवणाऱ्या तीव्र बलाच्या ऊर्जेतून येतो. तराजूवर आपण मुख्यत्वे तीच बांधलेली ऊर्जा तोलतो. गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय आणि तीव्र यांच्यानंतर निसर्गातले चौथे मूलभूत बल ते क्षीण बल. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होण्याची पहिली पायरी त्याच्याशिवाय घडत नाही, आणि कार्तिकातल्या उन्हाशिवाय धान पिकत नाही. मीटरमागोमाग किलोग्रॅमनेही २० मे २०१९ ला आपला धातूचा ठोकळा सोडला. मूळ ठोकळा आणि त्याच्या प्रती यांच्यात शंभर वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला होता, आणि घटला कोण, वाढला कोण, हे सांगायला दुसरा साक्षीदार नव्हता. आता किलो प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो: ६.६२६०७०१५ भागिले एकावर चौतीस शून्ये. या वेळी रायपूरच्या बाजारात काहीच झाले नाही. कोष्टके छापली नाहीत, कुणी गल्ल्यावर भांडले नाही.

१ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळे राज्य झाले आणि रायपूर स्वतःच राजधानी झाले. धानाची सरकारी खरेदी हा आता तिथला सर्वांत मोठा वार्षिक सोहळा. २०२३ पासून मर्यादा आहे एकरी २१ क्विंटल. नीट पाहा: माल मेट्रिक, जमीन इंग्रजी. १९५६ च्या कायद्यानंतरही एकर हिशेबातून गेलेला नाही, आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहूनही बोलताना एकरच म्हणणाऱ्या आपण तरी कोणत्या तोंडाने हसावे.

खरेदी केंद्रावर चाळीस किलोचे पोते इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते. त्याआधी मूठभर धान एका छोट्या यंत्रात जाते. ते दाण्यातल्या ओलाव्याचा अंदाज विजेने घेते. ओलावा १७ टक्क्यांच्या वर असेल तर धान परत, पुन्हा वाळवून आणा. शेतकऱ्याला तो आकडा पडद्यावर यायच्या आधीच ठाऊक असतो. रांगेत उभ्या उभ्या त्याने एक दाणा दाताखाली फोडून पाहिलेला असतो.